चित्र कोणत्या ओवीशी? धर्मग्रंथांच्या भाषांतरात चित्राचा आकार आणि जागा

धर्मग्रंथाच्या जुन्या भाषांतराची नोंद करताना आपण भाषा, लिपी, मुद्रक, साल, पानसंख्या हे सगळे टिपतो. चित्रांच्या बाबतीत मात्र बहुतेक नोंदींत एकच शब्द सापडतो, ‘सचित्र’. चित्र कोणत्या वचनापाशी आहे, केवढे आहे, पानाच्या वर आहे की खाली, त्यातली माणसे डावीकडे बघतात की उजवीकडे, यातले काहीच लिहिलेले नसते. पुढे ते पुस्तक स्कॅन होते, मग त्यावरून नवी आवृत्ती निघते, आणि चित्र जिथे जागा मिळेल तिथे जाऊन बसते. मजकूर अक्षर न् अक्षर बरोबर असतो, चित्रही तेच असते, आणि तरी वाचणाऱ्याला चुकीचे सांगितले जाते.

हे कसे घडते, जुन्या लोकांनी त्यावर काय उपाय केले, आणि आज बायबलची भाषांतरे जुळवणारे लोक काय करतात, हे या लेखात मांडतो आहे. उदाहरणे ख्रिस्ती धर्मग्रंथांची घेतली आहेत. एक तर शेकडो भाषांत त्यांची भाषांतरे झाल्यामुळे हा प्रश्न तिथे सर्वांत जास्त वेळा सोडवावा लागला. दुसरे म्हणजे या गोष्टीचा एक धागा सरळ आपल्या गोव्यातून जातो.

१५७९ : गोव्यातून निघालेले एक पुस्तक

६ सप्टेंबर १५५६ या दिवशी छापखाना गोव्यात उतरला, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. त्यानंतरची एक तारीख इथे महत्त्वाची आहे. पुढे ख्रिस्तपुराण लिहिणारा थॉमस स्टीफन्स ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात पोहोचला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात रुडॉल्फ आक्वाव्हिवा, आंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस हेन्रिकेस हे तीन जेझुइट गोव्यातून अकबराच्या दरबाराकडे निघाले. १५८० च्या सुरुवातीला फत्तेपूर सिक्रीला पोहोचल्यावर त्यांनी बादशहाला अँटवर्पच्या प्लांटिन छापखान्याचे बहुभाषी बायबल भेट दिले. १५६८ ते १५७३ या काळात छापलेले, आठ खंडांचे हे काम. हिब्रू, ग्रीक, लॅटिन असे मजकूर समोरासमोर रकान्यांत बसवलेले.

या बायबलात कोरीव चित्रे होती ती मुख्यतः खंडांच्या सुरुवातीच्या पानांवर. आत मजकुराला जागा पुरेना, तिथे चित्रांना कुठून मिळणार? मोगल चित्रकारांनी नेमकी तीच सुरुवातीची चित्रे उचलली आणि त्यातल्या आकृतींवरून स्वतःची चित्रे केली. मजकूर एकीकडे राहिला, आकृत्या दुसरीकडे गेल्या. मूळ चित्राला वचनाचा दोर बांधलेला नव्हता, म्हणून ते सहज सुटून आले.

याच्या उलट प्रकार पुढच्या पिढीत दिसतो. फ्रान्सिस झेवियरच्या घराण्यातला जेरोम झेवियर मोगल दरबारात बरीच वर्षे राहिला. १६१७ मध्ये तो गोव्यातच वारला. त्याने अब्दुस सत्तार इब्न कासिम लाहोरी याच्या मदतीने १६०२ साली फारसीत येशूचे चरित्र लिहिले, ‘मिरात अल-कुद्स’. त्याची एक सचित्र हस्तलिखित प्रत आज अमेरिकेत क्लीव्हलंडच्या संग्रहालयात आहे. मोगल हस्तलिखितांची रीत अशी की लेखनिक आधी मजकूर लिहीत जातो आणि चित्रासाठी जागा मोकळी सोडतो. पुष्कळदा त्या प्रसंगाची एक-दोन वाक्ये चित्राच्या चौकटीच्या आतच लिहिलेली असतात. चित्रकार नंतर उरलेली जागा भरतो. इथे चित्र वाक्याला अक्षरशः शिवलेले आहे. पान फाडल्याशिवाय ते वेगळे होत नाही.

म्हणजे एकाच दरबारात, वीस-बावीस वर्षांच्या अंतराने, दोन्ही टोके बघायला मिळतात. छापील ग्रंथात चित्र सुटे, हस्तलिखितात चित्र बांधलेले. पुढची सगळी गोष्ट या दोन टोकांच्या मधली आहे.

नादालचा तोडगा

जेरोनिमो नादाल हा इग्नेशियस लोयोलाचा सहकारी. शुभवर्तमानांतल्या प्रसंगांवर त्याने रचलेला चित्रग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १५९३ साली अँटवर्पला छापून निघाला. एकूण १५३ चित्रे, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली. कोरणाऱ्यांत त्या काळी नावाजलेले वीरिक्स बंधू होते. प्रत्येक चित्र साधारण २३ सेंटिमीटर उंच आणि साडेचौदा सेंटिमीटर रुंद.

या चित्रांची रचना बघण्यासारखी आहे. डोक्यावर प्रसंगाचे नाव आणि शुभवर्तमानातला अध्याय. त्याशेजारी दोन क्रमांक : एक येशूच्या चरित्रातला क्रम सांगणारा, दुसरा चर्चच्या वर्षातला, म्हणजे कोणत्या सणाला किंवा रविवारी तो उतारा वाचतात त्या हिशेबाचा. चित्राच्या आत माणसांवर, घरांवर, डोंगरांवर ए, बी, सी अशी बारीक अक्षरे. आणि खाली त्या अक्षरांचा अर्थ सांगणाऱ्या ओळी, त्याही पत्र्यावरच कोरलेल्या. यंत्राच्या ड्रॉइंगवर सुटे भाग आकड्यांनी दाखवून कोपऱ्यात त्यांची यादी देतात, अगदी तशी पद्धत.

हे असे का केले, याचे उत्तर छपाईच्या तंत्रात आहे. खिळ्यांची छपाई उठावाची असते. शाई वर आलेल्या भागाला लागते. तांब्याच्या पत्र्यावर उलटे. शाई कोरलेल्या खाचेत बसते, वरचा भाग पुसून घेतात आणि ओलसर कागद रुळाखाली दाबून ती खाचेतून ओढून काढतात. ही दोन कामे एका यंत्रावर, एका दाबात होत नाहीत. एकाच पानावर दोन्ही हवे असेल तर तोच कागद दोनदा, दोन वेगळ्या यंत्रांवर छापावा लागतो. खर्च वाढतो, जुळणी चुकते. म्हणून ताम्रचित्रे बहुधा वेगळ्या पानांवर छापून बांधणीच्या वेळी पुस्तकात घालत, आणि ती कुठे घालायची हे बांधणाऱ्याच्या हातात असे. जुन्या सचित्र बायबलांच्या दोन प्रतींत तेच चित्र दोन वेगळ्या जागी सापडते, ते यामुळे.

नादालच्या चित्राला ही भीती नव्हती. नाव, अध्याय, क्रमांक आणि खुलासा सगळे पत्र्यावरच असल्यामुळे ते पान पुस्तकातून निखळले तरी आपला पत्ता स्वतः सांगू शकत होते.

पण याची एक बाजू भाषांतराला नडणारी होती. खालच्या ओळी लॅटिन, आणि त्या तांब्यात कोरलेल्या. भाषा बदलायची तर पत्रा नव्याने कोरावा लागणार. चीनमध्ये तसेच झाले. जूल्यो अलेनी या जेझुइटाने १६३७ मध्ये नादालच्या आधारे चिनी चित्रग्रंथ काढला, तेव्हा चित्रे लाकडी ठोकळ्यांवर पूर्णपणे नव्याने कोरली गेली. ए, बी, सी च्या जागी चिनी लोकांच्या परंपरेतली क्रम दाखवणारी अक्षरे आली. पद्धत तीच राहिली, खुणा तिथल्या झाल्या.

यातून निघालेला धडा आजही भाषांतराच्या पुस्तकांत पाळतात. चित्रात शब्द घालायचे नाहीत. नावे, शीर्षके, खुलासे हे सगळे मजकुरात ठेवायचे, म्हणजे एकच चित्र पन्नास भाषांत चालते. मात्र असे केले की चित्राचा पत्ता चित्रावर राहत नाही, तो दुसरीकडे कुठेतरी लिहून ठेवावा लागतो. तो कुठे लिहायचा, ते पुढे येईल.

ठोकळा आणि दगड

लाकडी ठोकळ्याची गोष्ट तांब्यापेक्षा सोपी. तोही उठावाचा. त्याची उंची खिळ्याएवढी केली की काम झाले; इंग्रजी पद्धतीच्या खिळ्याची उंची ०.९१८ इंच, म्हणजे सुमारे २३.३ मिलिमीटर. तेवढ्या उंचीचा ठोकळा फर्म्यात खिळ्यांच्या शेजारी घट्ट बसतो आणि एकाच दाबात दोन्ही छापले जातात. चित्र नेमके हव्या त्या वचनाखाली ठेवता येते.

अडचण आकाराची. ठोकळा लहान-मोठा होत नाही. एका भाषेच्या पुस्तकासाठी केलेला ठोकळा दुसऱ्या भाषेच्या अरुंद रकान्यात आणला तर तो मावत नाही, आणि रुंद पानावर आणला तर दोन्ही बाजूंना फट राहते. मग ती फट कोऱ्या पट्ट्यांनी किंवा बारीक अक्षरांच्या मजकुराने भरावी लागते. जुन्या पुस्तकात चित्राच्या बाजूला अचानक अरुंद झालेल्या ओळी दिसल्या, तर ठोकळा दुसऱ्या पुस्तकासाठी केलेला असण्याची शक्यता तपासावी.

शिळाछापाने हे बंधन काढून टाकले. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ च्या सुमारास शिळाप्रेसवर पंचांग छापले, तेव्हापासून मराठी वाचकाला ही छपाई परिचित आहे. दगडावर अक्षर आणि चित्र एकाच शाईने, एकाच हाताने उतरते. लेखनिक चित्राभोवती ओळी वळवू शकतो, चित्र दोन ओळींच्या मध्ये घालू शकतो. हस्तलिखितातली मोकळीक छापखान्यात परत आली ती अशी. पण शिळाछापाचे पान म्हणजे एक अखंड चित्रच असते. मजकुरात एक ओळ वाढवायची तरी सगळे पान पुन्हा लिहा. भाषांतर सुधारत जाणाऱ्या ग्रंथाला हे परवडत नाही.

आकाराचा हिशेब

आता आजच्या पानाकडे येऊ. संगणकावर चित्राचा कोपरा धरून ओढले की ते लहान-मोठे होते, त्यामुळे आकार ही मर्जीची गोष्ट वाटते. ती तशी नाही. साधे गणित करून बघू.

समजा देवनागरी बायबलचे दोन रकानी पान आहे. एका रकान्याची रुंदी ५४ मिलिमीटर, मधली फट ५, म्हणजे दोन्ही मिळून ११३ मिलिमीटर. ओळीपासून ओळीचे अंतर १४ पॉइंट, म्हणजे ४.९४ मिलिमीटर, मात्रा आणि उकारांमुळे देवनागरीला रोमनपेक्षा हे अंतर जास्त लागते. एका रकान्यात ३६ ओळी, म्हणजे पानावर ७२. चित्र आडवे, रुंदी तीन भाग तर उंची दोन भाग.

चित्र एका रकान्यात बसवले तर उंची ३६ मिलिमीटर होते, म्हणजे सव्वासात ओळी. वर-खाली थोडी जागा आणि एक ओळ शीर्षक धरून १० ओळी गेल्या. तेच चित्र दोन्ही रकान्यांवर पसरले तर उंची सव्वापंचाहत्तर मिलिमीटर, म्हणजे पंधरा ओळींपेक्षा थोडी जास्त; शीर्षक आणि मोकळी जागा धरून १८ ओळी, आणि त्या दोन्ही रकान्यांतून जातात. एकूण ३६ ओळी. बरोबर अर्धे पान. रुंदी दुपटीहून थोडी जास्त झाली, पण मजकुराची किंमत १० ओळींवरून ३६ वर गेली. नव्या करारात अशी पन्नास चित्रे घातली तर एका पद्धतीत सुमारे सात पाने वाढतात आणि दुसरीत पंचवीस.

इथे एक बारकावा आहे. ३६ मिलिमीटरचे चित्र सव्वासात ओळींचे होते, पण त्याला जागा पूर्ण ओळींचीच द्यायची. सव्वासात ओळींचीच जागा दिली तर त्याच्याखालच्या ओळी शेजारच्या रकान्यातल्या ओळींच्या समोर येत नाहीत, पाव ओळीने सरकतात. शिवाय बायबलचा कागद पातळ असतो. मागच्या पानाच्या ओळी पुढून अंधुक दिसतात, आणि त्या पुढच्या ओळींच्या बरोबर मागे नसल्या की पान मळकट वाटते. म्हणून चित्र, शीर्षक आणि मोकळी जागा मिळून ओळींच्या पूर्णांकात बसवायचे, हा नियम. गडद काळे चित्रही याच कारणाने टाळतात, कारण ते मागच्या पानावरच्या मजकुरातून डोकावते.

आता नादालचे चित्र याच पानावर आणू. साडेचौदा सेंटिमीटरची रुंदी ५४ मिलिमीटरवर आणायची म्हणजे चित्र मूळच्या ३७ टक्के करायचे. कोरीव रेषांमधले अंतर मूळ चित्रात ०.३ मिलिमीटर धरले, तर ते ०.११ वर येते. छापताना शाई थोडी पसरतेच. रेषा एकमेकींना चिकटतात आणि जिथे वीरिक्सने झगझगीत वस्त्राच्या चुण्या दाखवल्या होत्या तिथे काळा डाग उरतो. आतली ए, बी, सी ही अक्षरे तर भिंगातूनही लागणार नाहीत. बरं, पूर्ण ११३ मिलिमीटर रुंदी दिली तर उंची १७९ मिलिमीटर होते, आणि आपला रकाना आहे १७८ चा. शीर्षकालाही जागा नाही. म्हणजे हे चित्र या पुस्तकाचे नव्हेच. त्याला स्वतंत्र पूर्ण पान द्या, किंवा देऊच नका.

याउलट, चित्रकाराने सुरुवातीपासून लहान आकाराचा विचार केला तर काय होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे आनी व्हालोतों. या स्विस चित्रकर्तीची रेखाचित्रे अमेरिकन बायबल सोसायटीच्या सोप्या इंग्रजी नव्या करारात १९६६ मध्ये आली, आणि १९७६ च्या संपूर्ण बायबलात त्यांची संख्या सुमारे पाचशे झाली. मोजक्या रेषा, छायेसाठी जाळी नाही, चेहऱ्यावर नाक-डोळेही बहुधा नाहीत, पाठीमागे देखावा नाही. अशी रेषा निम्म्यावर आणली तरी तुटत नाही आणि दुप्पट केली तरी पोकळ वाटत नाही. पुष्कळांना ही चित्रे फारच साधी वाटली. पण लहान रकाना, पातळ कागद आणि कुठला छापखाना मिळेल याची खात्री नाही, अशा कामाला ती बरोबर जमली.

स्कॅन केलेल्या चित्राबाबतही आकाराचे हेच गणित लागू आहे. ५४ मिलिमीटर रुंदीला इंचाला ३०० बिंदू असलेले चित्र ११३ मिलिमीटरपर्यंत ताणले की इंचाला १४३ बिंदूच उरतात. ताणल्याने चित्र मोठे होते, त्यातली माहिती वाढत नाही. रेषाचित्र निव्वळ काळ्या-पांढऱ्यात छापायचे असेल तर ३०० बिंदूंतही रेषेच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. त्यासाठी १२०० पर्यंत जावे लागते.

डावे-उजवे

आकार चुकला तर चित्र वाईट दिसते. दिशा चुकली तर ते खोटे बोलते.

छपाईत मुळातच आरसा आहे. ठोकळ्यावर किंवा पत्र्यावर जे कोरले त्याचे उलटे कागदावर उमटते. छापील चित्र समोर ठेवून, दिसते तसेच पत्र्यावर कोरले की नवे चित्र मुळाच्या उलट छापले जाते. सावध कोरणारे मूळ चित्र आरशात बघून किंवा पातळ कागदावर गिरवून तो कागद उलटा करून काम करीत. चिनी पद्धतीत चित्राचा कागद ठोकळ्यावर पालथा चिकटवतात, त्यामुळे छापल्यावर ते आपोआप सुलटे येते. मोगल चित्रकार हाताने काढायचा, त्याला हा प्रश्नच नव्हता. म्हणून नकलेत डावे-उजवे उलटले आहे का, हे पाहून ती कोणत्या मार्गाने आली याचा अंदाज बांधता येतो.

आज हीच उलटापालट एका क्लिकवर होते, आणि ती हौसेने केली जाते. पान जुळवणाऱ्यांत एक संकेत आहे : चित्रातल्या माणसाने मजकुराकडे बघावे, पानाबाहेर बघू नये. चित्र उजव्या पानावर गेले आणि माणूस बाहेर बघायला लागला की त्याला उलटवतात. फुलाच्या किंवा डोंगराच्या चित्रात काही बिघडत नाही. पण शुभवर्तमानांत डावे-उजवे मजकुरातच आहे. मत्तयाच्या २५ व्या अध्यायात मेंढरे उजवीकडे आणि शेरडे डावीकडे. योहानाच्या २१ व्या अध्यायात जाळे होडीच्या उजव्या बाजूला टाकायचे. आणि पेत्राने मुख्य याजकाच्या दासाचा जो कान तोडला तो उजवा, असे लूक आणि योहान दोघेही सांगतात. चित्र उलटवले की कान डावा होतो. आशीर्वाद देणारा हातही डावा होतो, आणि आपल्याकडच्या वाचकाला तो पहिल्या नजरेत खटकतो.

वचनाला बांधलेला दोर

कानाचाच प्रसंग पुढे नेऊ, कारण जागेचा प्रश्न त्यात स्वच्छ दिसतो. हा प्रसंग चारही शुभवर्तमानांत आहे : मत्तय २६:५१, मार्क १४:४७, लूक २२:५० आणि योहान १८:१०. पण त्या दासाचे नाव मल्ख होते, हे फक्त योहान सांगतो. आणि येशूने त्याचा कान बरा केला, हे फक्त लूक सांगतो. आता तुमच्याकडे येशू त्या माणसाच्या कानाला हात लावतो आहे, असे चित्र असेल तर ते लूकमध्येच जाऊ शकते. मार्कमध्ये त्याच प्रसंगाशी ठेवले तर मार्कने न सांगितलेली गोष्ट चित्राने सांगितली. मूळ ग्रंथात भर पडली, आणि ती भाषांतरकाराने नाही तर पान जुळवणाऱ्याने घातली.

दुसरे उदाहरण लूकच्या १५ व्या अध्यायातले. हरवलेले नाणे ८ ते १० या ओव्यांत, उधळ्या पुत्राचा दृष्टान्त ११ पासून. मी ‘ओवी’ म्हणतो ते आपल्या सोयीसाठी. बायबलात त्याला वचन म्हणतात. बापाने मुलाला मिठी मारली ती २० व्या वचनात. हे चित्र १० व्याच्या शेजारी आले तर वाचक नाण्याच्या गोष्टीत दोन पुरुष शोधत बसतो. ३२ च्या पुढे गेले तर गोष्ट संपल्यावर येते. ते नेमके २० पाशीच ठेवायचा हट्ट धरला आणि २० वे वचन पानाच्या शेवटच्या चार ओळींत आले, तर चित्र पुढच्या पानावर ढकलले जाते आणि मागे चार ओळींची पोकळी राहते.

अभियंत्याला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. भोक नेमके इतक्याच मापाचे हवे, असे ड्रॉइंगवर लिहिले तर ते कुणालाच पाडता येत नाही; म्हणून मापाबरोबर ‘इतके कमी, इतके जास्त चालेल’ अशी सूट लिहितात. बायबल भाषांतराच्या कामात हेच तत्त्व आले आहे. तिथे यूएसएफएम नावाची खूणपद्धती वापरतात. युनायटेड बायबल सोसायटीज आणि एसआयएल या संस्थांच्या पॅराटेक्स्ट या प्रणालीत मजकूर याच खुणांनी लिहिला जातो. त्यात चित्रासाठी ‘फिग’ अशी खूण आहे. ती मजकुरातच, त्या वचनापाशी टाकतात, आणि तिच्यात पुढील गोष्टी भरतात : चित्राची फाइल, आकार, जागा, हक्क कोणाचे, खालचे शीर्षक, आणि चित्र कोणत्या अध्याय-वचनाचे.

आकार मिलिमीटरात लिहीत नाहीत. ‘एक रकाना’ किंवा ‘पूर्ण रुंदी’ एवढेच. कारण तोच मजकूर उद्या मोठ्या अक्षरांच्या आवृत्तीत जाईल, परवा खिशातल्या; मिलिमीटर बदलतील, नाते बदलणार नाही. पूर्ण रुंदीचे चित्र पानाच्या डोक्यावर किंवा तळाशी बसवतात, म्हणजे मजकुराचे दोन तुकडे होत नाहीत. आणि जागेच्या रकान्यात वचनांची मर्यादा देता येते. मिठीच्या चित्राला ‘१५:१८ ते १५:२४’ अशी सूट दिली, तर पान जुळवणारा त्या सात वचनांच्या आत कुठेही, जिथे पान चांगले बसेल तिथे, ते ठेवू शकतो. किती सूट द्यायची हे भाषांतरकार ठरवतो, कारण अर्थ त्याला ठाऊक. त्या सुटीत कुठे बसवायचे हे जुळवणारा ठरवतो, कारण पान त्याला ठाऊक.

नादालने पत्र्यावर कोरलेला पत्ता आता मजकुरात लिहिला जातो, एवढाच फरक. चित्र सुटे राहिले, पण दोर तुटला नाही.

आपल्या नोंदींत काय लिहावे

हा सगळा प्रपंच आपल्या कामाला कसा लागू पडतो ते सांगून थांबतो.

ख्रिस्तपुराणाचेच बघा. रायतूरला १६१६ मध्ये छापलेल्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उरलेली नाही. १९०७ ची मंगळूरची आवृत्ती रोमन लिपीत, १९५६ ची पुण्याची देवनागरीत. लिपी बदलली की ओळींची लांबी बदलते, पाने बदलतात. ‘अमुक पान’ असा संदर्भ पुढच्या आवृत्तीत निरुपयोगी होतो. अवस्वर आणि ओवी यांचा क्रमांक मात्र तीनशे वर्षांनंतरही लागू पडतो. चित्रांच्या बाबतीत हाच नियम धरला पाहिजे.

म्हणून एखाद्या सचित्र पोथीची, पुराणाची किंवा शुभवर्तमानाची नोंद करताना प्रत्येक चित्रासाठी पाच गोष्टी लिहाव्यात, असे मी सुचवतो. पहिली, चित्र कोणत्या अध्यायातल्या कोणत्या ओवीचे किंवा वचनाचे, आणि प्रत्यक्षात ते कोणत्या ओवीपाशी बसले आहे. दोन्ही वेगळे असेल तर तसे स्पष्ट. दुसरी, रुंदी आणि उंची मिलिमीटरात, आणि ते एका रकान्यात आहे, पूर्ण रुंदीत आहे की स्वतंत्र पानावर. तिसरी, स्वतंत्र पानावर असेल तर ते पान मजकुराच्या गठ्ठ्यातलेच आहे की बांधणीत वेगळे चिकटवले आहे. चौथी, चित्राच्या आत अक्षरे किंवा शब्द आहेत का, असल्यास कोणत्या लिपीत. पाचवी, मुख्य व्यक्ती कोणत्या हाताने काय करते आहे.

स्कॅन करतानाही चित्र कापून वेगळी फाइल करण्याआधी पूर्ण पानाचा एक स्कॅन मापपट्टी शेजारी ठेवून घ्यावा. चित्राची फाइल नंतर कितीही वेळा करता येते. पण ती पोथी एकदा घरच्यांनी नव्याने बांधायला दिली, किंवा वाळवीने खाल्ली, की ते चित्र कोणत्या ओवीशी होते हे सांगणारे दुसरे काही उरत नाही.